परातीत लपलेली गाणी

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. आजही दारावर जोरात थाप पडली, की माझ्या अंगावरच्या बारीक रेघांमधून शहारा जातो.

माझा जन्म अथेन्समधल्या कारखान्यात झाला. काळ्या गरम गोळ्यावर साचे दाबले गेले आणि माझ्या अंगावर एका सिनेमाची सगळी गाणी उमटली. दीपगृह राखणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी वादळात एकटीच होडी घेऊन निघते, असा तो सिनेमा. व्होलोस बंदरातल्या एव्हान्थिया नावाच्या मुलीने तो एकदा तिकीट काढून पाहिला आणि मग उन्हाळाभर उघड्या थिएटरशेजारच्या गच्चीवरून. तिला दुसरं काही सुचेना. तिचे बाबा, स्तेर्योस, बंदरात जहाजं रंगवायचे. आमच्याकडे वाढदिवसासारखाच साजरा होणारा, तिच्या नावाच्या संताचा सण आला, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं.

मग मला उसंत कुठली! आईचा रुमाल डोक्याला बांधून एव्हान्थिया टेबलावर चढायची. टेबल म्हणजे होडी.

"अगं, सुई झिजेल आणि माझं डोकंही!" आई ओरडायची.

पण एका वसंतात रस्त्यांवर रणगाडे आले. लष्कराचं राज्य सुरू झालं. माझ्या गाण्यांना चाली देणारा माणूस त्यांना शत्रू वाटे. त्याचं संगीत वाजवणं, ऐकणं हाही गुन्हा ठरला. बाबांनी मला कपाटामागे सरकवलं आणि लेकीला बजावलं, "सूरसुद्धा काढायचा नाहीस." तिथे अंधारात मी प्रत्येक पावलाची चाहूल घेत राहिले.

एका दुपारी एव्हान्थिया शाळेतून धापा टाकत आली. आई पालक आणि चीज भरायच्या पोळीसाठी पातळ पापुद्रे लाटत होती.

"आई, गणितं करताना मी गुणगुणले. मला कळलंच नाही गं! बाईंनी विचारलं, हे कुठे ऐकलंस? मी म्हटलं, आमच्याकडे रेकॉर्ड आहे."

आईचं लाटणं थांबलं. "आणखी कुणी होतं तिथे?"

"ब्रातिस हवालदारांची बायको. मुलीला न्यायला आली होती."

आईने मला ओढून काढलं. माझं वेष्टन, त्यावरची ती होडीतली मुलगी, चुलीत गेलं. एव्हान्थिया आवाज न करता रडली. मलाही जाळलं असतं, पण माझ्या धुराचा वास गल्लीभर गेला असता. आईने मला परातीच्या तळाशी ठेवलं, वर जाड कागद घातला आणि भराभर पापुद्रे अंथरले. पालक पसरून होतो न होतो तोच दारावर थाप पडली.

ब्रातिस हवालदार आणि एक शिपाई आत शिरले. कपाट उलथलं, गाद्या फाटल्या. मग हवालदाराची नजर परातीवर थबकली.

"पोळी अजून कच्ची कशी, वहिनी?"

"भाजायला पाठवायचीच होती."

"मग पाठवा की. गरम तुकडा खाऊनच जाईन म्हणतो." तो खुर्ची ओढून बसला. "पोरगी नेईल. शिपाई जाईल सोबत."

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या पराती पानागिस काकांच्या भट्टीत भाजल्या जात. एव्हान्थिया इतकी भराभर चालत होती, की कागदाखाली मी खडखडू लागले. मागून बूट वाजत होते. मित्रांनो, आग मला मेणासारखं वितळवते. तरी मला आगीपेक्षा त्या बुटांचीच भीती जास्त वाटली.

काकांनी परात भट्टीच्या तोंडाशी ठेवली. माझी एक कड मऊ पडू लागली. शिपाई सिगारेट पेटवायला दारात वळला, तेवढ्यात एव्हान्थिया पुटपुटली, "काका, खाली पोळी नाहीये."

काकांनी परातीच्या तळावर बोटाने टकटक केलं आणि एकदम खेकसले, "ही काय पद्धत झाली? परात गळतेय तुझ्या आईची! दुसरीत घालतो, थांब तिथेच!" आतल्या खोलीत नेऊन त्यांनी मला पिठाच्या गोणीत खुपसलं.

मला नंतर कळलं, हवालदाराने पोळीचे दोन तुकडे खाल्ले, मिशा पुसल्या आणि जाताना म्हणाला, "पोरीला आवरा."

पोरीला गप्प करायला तेवढं पुरलं. मी वर्षानुवर्षं काकांच्या पिठाच्या कोठीमागे पडून होते. एव्हान्थिया रोज यायची. "काका, एक पाव." बस्स. पूर्वी जिना उतरतानाही गुणगुणणारी पोर आता शिंकसुद्धा दाबायची.

शेवटी ते राज्य कोसळलं. काकांनी मला पिठासकट घरी पोचवलं. एव्हान्थिया आता आईएवढी उंच झाली होती. तिने मला लावलं. वाकलेल्या कडेवर सुई डुलली, गाणं थोडं हेलकावत निघालं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे दाराकडे.

"गा ना गं आता," आई म्हणाली.

"नाही येत."

मग आईनेच सुरुवात केली. आवाज भसाडा, शब्द उलटसुलट, दीपगृहाच्या जागी चक्क पवनचक्की! एव्हान्थिया दारावरची नजर काढून आईकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "असं नाहीये ते, आई." आणि बरोबर ओळ म्हणून दाखवली.

मित्रांनो, आम्हा रेकॉर्डांना कडेने धरा, उन्हापासून जपा. आणि आपल्याच नादात कुणी पोर गुणगुणत असेल, तर तिला गाऊ द्या.