हाताने बदलू नये

आमच्या कारखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचपेट्या बनतात. बाळाचं अंग किती तापलं की भोंगा वाजवायचा, हे पेटीतला प्रोग्राम ठरवतो. वजनाप्रमाणे ही मर्यादा बदलते, आणि सगळ्या मर्यादा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या एका तक्त्यात असतात. पूर्वी माझा धाकटा दीर त्या तक्त्यावरून हाताने कोड लिहायचा. मग मी एक टूल तयार केलं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप केली की ते तक्त्याची फाइल वाचतं आणि प्रत्येक वजनगटाचं मॉड्यूल स्वतःच लिहून ठेवतं. मॉड्यूलच्या माथ्यावर ते एक ताकीदही छापतं : हा कोड टूलने लिहिला आहे, हाताने बदलू नये.

दिराला घरात टिल्लू म्हणतात. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते, तरीही. "वहिनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात हं," असं तो एकदा जेवताना म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कारण त्यानंतर सगळ्यात लहान बाळांच्या मॉड्यूलमधली मर्यादा खाली यायला लागली. नेहमी अर्धा अंश. मी टूल चालवलं की ती जागेवर यायची. पुन्हा पाहावं तर पुन्हा खाली. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण भोंगा उगाच वाजायला लागला की नर्स दोनचारदा धावते आणि मग तो बंदच करून ठेवते. पुढे बाळाला खरंच ताप चढला, तर कोणाला कळणार? पेट्यांची पहिली खेप एका प्रसूतिगृहात जायची होती, आणि कोड बरोबर असल्याची सही माझी लागणार होती.

टूल आपणहून आकडा बदलत नाही, हे मी तपासून पाहिलं. म्हणजे माणूस. तक्त्याला मी कुलूप घातलं. पासवर्ड फक्त माझ्याकडे. तरी मर्यादा खाली. मग मी टिल्लूकडे लक्ष ठेवायला लागले. मी मागून गेले की तो स्क्रीनवरची खिडकी बदलायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून चाचणीच्या खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, टिल्लू आहे तो. त्याला लबाडी करायची असती तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता."

मी टूलमध्ये आणखी एक गोष्ट घातली. आपण लिहिलेल्या मॉड्यूलवर त्याने खुणेचा शिक्का मारायचा. पुढच्या वेळी शिक्का जुळला नाही तर थांबायचं, आणि बदल कोणाच्या कॉम्प्युटरवरून झाला ते सांगायचं.

खेप जाण्याच्या दिवशी सकाळी टूल थांबलं. स्क्रीनवर टिल्लूच्या कॉम्प्युटरचं नाव होतं.

"हे तू केलंस?"

"हो," तो म्हणाला. अगदी सहज.

"वरची ओळ वाचता येते ना तुला?"

"वहिनी, ती ओळ भाजायला लागलेल्या बाळाला वाचता येते का?" तो उठला. "चला, दाखवतो."

चाचणीच्या खोलीत पेटीत जेल भरलेली बाहुली होती. तिच्या पोटावर अंगाचं तापमान मोजणारा पेटीचा प्रोब चिकटवलेला होता, आणि त्याला लागून टिल्लूने एक साधा थर्मामीटर बसवला होता. प्रोब अर्धा अंश कमी दाखवत होता. मी थर्मामीटर बदलला, मग प्रोब बदलला, बाहुलीही बदलली. फरक तेवढाच. लहान बाळांसाठी नव्या पुरवठादाराचा बारीक प्रोब मीच निवडला होता, आणि तो फक्त याच वजनगटात वापरला जात होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. नवा प्रोब बरा वाटत नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, तुला माझं काहीच बरं वाटत नाही. मग तक्त्यालाही कुलूप घातलंत. मग मी पुराव्यासाठी मोजत बसलो, आणि तोवर कोडमध्ये दुरुस्ती करत राहिलो. तुमचं टूल रोज पुसायचं, मी रोज लिहायचो."

बांधून ठेवलेल्या पेट्यांत माझ्या टूलचा कोड होता. त्याच्या दुरुस्तीशिवायचा.

मॅनेजरबाई दारातच भेटल्या. "ट्रक उभा आहे. सही?"

"नाही करत."

"मग प्रसूतिगृहाला काय सांगू?"

"आपली पेटी बाळाचा ताप अर्धा अंश लपवते, म्हणून सांगा."

त्यांनी आधी माझ्याकडे, मग टिल्लूकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"म्हणजे माझंच बरोबर होतं," टिल्लू म्हणाला.

"मोजमाप बरोबर होतं. जागा चुकली. मर्यादा डॉक्टरांची आहे, तिला हात लावायचा नाही. प्रोबच्या चुकीला वेगळा रकाना करायचा. टूल तो वाचेल, असं मी बघते."

मी तक्त्याचं कुलूप काढलं आणि खुर्ची त्याला दिली. तो नव्या रकान्यात आकडे भरायला लागला. मी मागे उभी राहून एकेक आकडा वाचत होते.

"वहिनी, थोडं मागे सरा ना. मानेवर श्वास लागतोय."

मी सरले नाही. "दशांश चिन्ह बघ," म्हटलं.