बाईसाहेबांची कात

सून माहेरी निघाली, तेव्हा जाता जाता तिने सासूच्या ताब्यात काचेची एक पेटी दिली. पेटीत मुठीएवढी, केसाळ टॅरँटुला कोळी. मादी होती, म्हणून घरात तिला बाईसाहेब म्हणत. सासूही म्हणे, पण नाक मुरडून.

"आई, एका कोपऱ्यातली माती ओलसर ठेवा, चिखल नको. ऊब लागते तिला, पण खालून नको हं," सुनेने बजावलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, गाडीची वेळ झाली होती. सासूने नुसतं हो हो केलं. लाँड्री चालवण्यात, वाफेत जन्म गेलेला. तिला ऊब आणि ओल काय कुणी शिकवायची?

थंडी वाढली तशी तिला दया आली. आवडत नसली म्हणून काय झालं, पाहुणी कुडकुडायला नको. तिने पेटी दुकानात आणली आणि बॉयलरवरच्या कोमट फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बाईसाहेब उताण्या, आठही पाय वर.

सासूने पेटीला हात लावून पाहिला. माती कोरडी ठणठणीत आणि चांगलीच तापलेली. 'खालून नको' हे आता कुठे आठवलं! कागदात गुंडाळून टाकावं आणि म्हातारी होऊन मेली म्हणून सांगावं, असंही क्षणभर मनात आलं. पण हात धजेना. जिची होती तिला न विचारता कसं टाकायचं? तिने फोन लावला आणि पहिल्याच वाक्याला तिला रडू फुटलं.

"थांबा आई, रडू नका. पाय पोटाशी आवळलेत की पसरलेत?"

"पसरलेत गं."

"मग मेली नाही ती, कात टाकतेय! हात लावू नका, पेटी हलवू नका. बॉयलर बंद करा आणि हवा दमट ठेवा. कोरडं पडलं तर जुन्या कातीतच अडकते, मग वाचत नाही." मग सून हळूच म्हणाली, "माझ्या दादाची आहे ती. तो गेला, त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

बाईसाहेब त्याची, हे सासूला माहीतच नव्हतं. तिने आजवर एकच विचारलं होतं, हे भूत आणखी किती दिवस?

तिने बॉयलर बंद केला. गिऱ्हाइकांच्या ओल्या चादरी पेटीभोवती दोरीवर टाकल्या. शेजारच्या टेबलावर ओलं कापड घेऊन त्यावरून इस्त्री फिरवत राहिली, म्हणजे ऊबही राहील आणि वाफही. एरवी इस्त्री आपटणारी बाई, आज ती निजलेल्या बाळाजवळ ठेवावी तशी ठेवत होती.

दारात गिऱ्हाईक आलं. "माझे शर्ट?"

"आज दुकान बंद. बाळंतपण आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"अरे वा! कुणाचं?"

"बाईसाहेबांचं. हळू बोला."

उन्हं उतरता उतरता बाईसाहेबांनी एकेक पाय जुन्या कातीतून ओढून काढला. शेवटचा पाय सुटला तशी सासूने हात जोडले. कोणापुढे, ते तिचं तिलाही कळलं नाही. जीव वाचला, याहून तिला काही नको होतं.

सून परतली ती थेट पेटीपाशी. चिमट्याने तिने रिकामी कात अलगद बाहेर काढली. सासूने आपला तुटक्या बटणांचा डबा टेबलावर उपडा केला, पुसला आणि कात ठेवायला पुढे धरला.

"दादा दर वेळी जवळ बसून राहायचा," सून म्हणाली. "मला वाटायचं, आता तिच्याजवळ कोण बसणार? तुमचे उपकार कसे फेडू, आई?"

"उपकार तिचे मान. जगली, नाहीतर तुला तोंड कसं दाखवलं असतं मी?" सासूने डोळे पुसले. "पुढची कात कधी?"

"वर्ष तरी लागेल. आधी खाणं सोडते, त्यावरून कळतं."

"मग खाणं सोडलं की लगेच मला सांग. दुकान बंद ठेवीन."