माझ्यावर न झोपणारी मावशी

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णव सालची. त्या वर्षी आमच्या शहराने लोकांच्या कराच्या पैशातून एक तीन मजली इमारत बांधली. वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या माणसांना तिच्यातल्या खोल्या द्यायच्या होत्या. चार दिवस निवारा म्हणून नव्हे, कायमचे राहायला. खाली एक छोटा दवाखाना, कपडे धुण्याची खोली आणि रोज विचारपूस करायला एक ताई. या खोल्यांसाठीच आम्हा खाटांचा जन्म झाला.

मित्रांनो, माझा जन्म पत्र्याच्या शेडमधला. एका फिटरने माझे पाय कापले, पट्ट्या जोडल्या, राखाडी रंग दिला. त्याचा हात चालू असताना कारखान्याचे मालक शेजारी उभे राहून कुरकुरत होते.

"जन्मभर राबून मला धड दोन खोल्या होईनात, आणि यांना आयत्या."

फिटरने डोळ्यांवरची काळी काच वर केली. "मग बदलता का त्यांच्याशी? तुम्ही पुलाखाली जा, ते तुमच्या घरी येतील."

"तू तुझं वेल्डिंग कर."

"करतोय की. पुलाखालचा माणूस दर थंडीत सरकारी दवाखान्यात पडून असतो. तोही खर्च आपल्याच पैशातनं जातो, मालक. त्यापेक्षा खाट परवडली."

मालक पाय आपटत निघून गेले. मला मात्र तेव्हापासून एकच ध्यास लागला. कोण असेल तो माणूस? माझ्यावर पहिल्यांदा पाठ टेकेल तेव्हा त्याला कसे वाटेल?

आम्हाला इमारतीत आणले आणि बोल्ट ठोकून फरशीला जखडून टाकले. त्यामागेही कारण होते. आधीच्या एका निवाऱ्यातल्या खाटा एकेक करून भंगारवाल्याकडे पोचल्या होत्या. म्हणून या वेळी नकाशात आखले होते तसे प्रत्येक खोलीत खाट मधोमध, उशाची बाजू दाराकडे, आणि दोन्ही अंगांना झाडू फिरेल एवढी जागा. दिसायला सगळे कसे नीटनेटके.

मग माझ्या खोलीत मावशी आली. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी. बसथांब्यामागच्या भिंतीला टेकून तिची कितीतरी वर्षे गेली होती. तिने आपले बोचके माझ्यावर ठेवले, माझा कठडा धरून हलवून पाहिला आणि ताईला विचारले, "हे सरकतं का?"

"नाही मावशी, पक्कं बसवलंय."

"बरं," मावशी म्हणाली.

त्या "बरं"चा अर्थ मला पुढे कितीतरी महिने लागला नाही.

कारण मावशी माझ्यावर झोपलीच नाही. तिने दार लावले, फरशीवर घोंगडी अंथरली आणि दाराला पाठ लावून मुटकुळे करून पडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गादीवर बोचके, फरशीवर मावशी. मी विचार करकरून थकले. माझा रंग वास मारतो का? माझी एक पट्टी करकरते, तिचा राग आला का? तसेही नसावे, कारण रोज सकाळी ती ओल्या फडक्याने मला पायांपासून पुसून काढी. एखाद्या परक्या घरची वस्तू जपावी तशी जपे.

थंडी पडली, फरशी गारठली, मावशीचा खोकला वाढला. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते. फुटपाथवर असताना ते इतरांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते येता-जाता दारातून डोकावत.

"काय मावशी, झोपलं का बोचकं नीट?"

"झोपलं. पण घोरतं मेलं."

असे हसण्यावारी चालले होते. मग एका सकाळी महापालिकेचे तपासणी करणारे साहेब आले. इमारतीचा नियम सरळ होता. ज्या खोलीत कुणी राहत नाही, ती दुसऱ्याला द्यायची. नियम वाईट नव्हता, मित्रांनो. बाहेर त्या थंडीत माणसे खोलीसाठी वाट पाहत होती. साहेबांनी माझ्यावरची चादर उचलली. खाली गादीवरचे प्लास्टिक अजून तसेच होते.

"इथं कुणी झोपतच नाही," साहेब ताईला म्हणाले. "सामान ठेवायला खोली आणि झोपायला बाहेर. दुसऱ्या कुणाची तरी सोय होईल. सोमवारी खोली रिकामी करून घ्या."

 मावशीने बोचके ओढले आणि त्याची गाठ आवळायला लागली.  जिच्या पाठीची मी एवढी वाट पाहिली, ती निघाली होती, आणि तेही माझ्याचमुळे.

"मावशी, अहो बोला ना," ताई काकुळतीला आली. "तुम्ही झोपता ना इथं?"

"झोपते की."

"कुठं?"

मावशीने दारामागच्या फरशीकडे बोट केले. तेवढाच तुकडा अंगाखाली घासून चकचकीत झाला होता.

"मग खाट कशाला दिलीय?" साहेबांनी विचारले.

"ते मला काय ठाऊक? देणारे तुम्ही." मावशीने गाठ सोडली नाही, पण हात थांबले. "साहेब, जरा आडवे व्हा बघू हिच्यावर."

"मी?"

दारात मास्तर उभे होतेच. "व्हा हो साहेब. सरकारीच आहे."

साहेब अवघडले, पण हसले. बूट काढून माझ्यावर आडवे झाले. माझ्यावर टेकलेली ती पहिली मानवी पाठ! मावशी बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतले. बाहेर तिच्या चपला वाजू लागल्या. लांब गेल्या, जवळ आल्या, थांबल्या. साहेबांनी मान मागे वळवली. उशामागे दार होते, दिसत काहीच नव्हते. पुन्हा चपला वाजल्या. दाराची कडी नुसती हलली. साहेब ताडकन उठून बसले.

"कोण आहे?"

"मीच आहे," मावशी आत येत म्हणाली. "रस्त्यावर मी नसते, साहेब. दुसरं कुणीतरी असतं. उशी फिरवली तर मागे खिडकी येते. मागनं येणारा दिसत नसेल तर मला झोप लागत नाही. एकदा आला होता एक."

एवढेच म्हणाली.  मास्तरांनी खाली मान घातली.

साहेब बूट न घालताच बसून राहिले. मग वाकून माझ्या पायाचा बोल्ट चाचपत म्हणाले, "हे बोल्ट माझ्याच सांगण्यावरून ठोकलेत. त्या निवाऱ्यातल्या खाटा गेल्या तेव्हा चारचौघांत मलाच उभं करून जाब विचारला होता. लोकांचा पैसा आहे, मावशी."

"आणि मी कोण?" मावशीने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरेच उत्तर हवे होते.

दुपारी साहेबांनी बोलावलेला फिटर पाना घेऊन आला, ज्याने मला घडवले तोच. बोल्ट सैल झाले आणि माझे पाय फरशीवरून सुटले. "कुठं लावू?" त्याने साहेबांना विचारले. साहेबांनी मावशीकडे पाहिले.

मावशी खोलीभर फिरली. या कोपऱ्यात, नको, त्या कोपऱ्यात. अजून थोडी पुढे. नको, मागे.

"मावशी, खाटेला घेरी येईल आता," फिटर म्हणाला.

शेवटी मी बाजूच्या भिंतीला चिकटले. तिथून दार दिसे, खिडकीही दिसे, आणि पाठीशी पक्की भिंत. मावशीने गादीवरचे प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडले, बोचके माझ्याखाली सरकवले आणि भिंतीला पाठ लावून पडली. किती हलकी होती ती! माझी पट्टी करकरू नये म्हणून मी अंग चोरून राहिले. दिवेलागणीला ताई डोकावली तेव्हा मावशी गाढ झोपलेली होती, तोंड उघडे टाकून.

त्यानंतर साहेबांनी सगळ्याच खाटांचे बोल्ट काढायला लावले. खोटे कशाला बोलू, त्यातली एक खाट भंगारात गेलीच. महापालिकेच्या सभेत साहेबांना पुन्हा जाब विचारला गेला. "एक गेली, बाकीच्यांवर माणसं झोपतायत," एवढे बोलून ते खाली बसले म्हणे. त्यांची बढती राहिली ती राहिलीच. निवृत्त झाल्यावर ते अधूनमधून इमारतीत चहाला येत. मास्तरांना दारू सोडवली नाही. दोनदा खोली सोडून गेले, दोनदा परत आले, तिसऱ्यांदा मात्र आले नाहीत. ताईने पुढे दुसऱ्या गावी अशीच इमारत उभी केली. फिटरने कारखाना विकत घेतला आणि आता म्हणे तोच दिवसभर कुरकुरतो.

मावशी माझ्यावर अकरा वर्षे झोपली. कपडे धुण्याच्या खोलीत काम करी, नव्या बायकांना आधी खाट सरकवायला शिकवी. एका दुपारी ती झोपली ती उठली नाही. भिंतीला पाठ होती आणि तोंड दाराकडे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी नकाशे काढतील, कुणी सगळ्यांच्या पैशातून घरे बांधतील. ती जरूर बांधा, मजबूत बांधा. फक्त ज्याच्यासाठी बांधाल त्याला आधी विचारा, की बाबा रे, तू झोपतोस कसा? आणि तो सांगेल ते हसण्यावारी नेऊ नका.

माझा रंग आता उडाला आहे, पायांना गंज चढला आहे. गेल्या महिन्यात या खोलीत एक नवा माणूस आला. रोज मला नव्या जागी सरकवतो, कमरेवर हात ठेवून बघत बसतो, मग फरशीवरच झोपतो. त्याचे अजून ठरलेले नाही. मला काही घाई नाही.