एकशे बारावं नाव

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं आणि फरशीवर स्वतःभोवती फिरत बराच वेळ वाजत राहिलं. यादीतली नावं मोजत बसलेल्या आईची मोजणी चुकली.

"खारू!"

"मी नाही पाडलं. ते आपणहून पडलं," आतून उत्तर आलं. तोंडात बिस्किट होतं हे आवाजावरूनच कळत होतं.

सहा वर्षांची ती पोर दिवसभर काही ना काही कुरतडत असायची, म्हणून खारू. बाबा रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. साथ आल्यापासून त्याला सुट्टी अशी नव्हतीच. घरात या दोघी, कॉलेजने दिलेला लॅपटॉप आणि एक फोन. त्याच फोनवर लॅपटॉपचं इंटरनेट, त्यावरच खारूची शाळा आणि त्यावरूनच कॉलेजचे फोन.

तिने यादी पुन्हा मोजली. प्रवेश पक्का न केलेली नऊ मुलं. आज संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती.

अकरा वर्षं ती कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीत बसत आली होती. मुलं तिला 'खिडकीवाल्या मॅडम'च म्हणायची. यादीतलं नाव पुकारलं आणि कुणी आलं नाही तर नावावर काट मारून पुढचं नाव घ्यायचं, असा नियम. पण तिने स्वतःची एक पद्धत पाडून घेतली होती. पेन खाली ठेवायचं, उठून फाटकापर्यंत जायचं, तीन खणखणीत हाका मारायच्या आणि मगच काट. अधीक्षक वैतागायचे. "बाई, तुम्ही कारकून आहात की भाजी विकायला बसलाय?" विकायला तर विकायला. त्या तीन हाकांनी झाडाखाली डुलकी लागलेलं एक पोरगं उठून आलं होतं, चुकीच्या रांगेत दोन तास उभी राहिलेली एक मुलगी सापडली होती, आणि एक जण तर घाबरून स्वच्छतागृहात जाऊन बसला होता, तोही डोळे पुसत बाहेर आला होता.

यंदा खिडकीच बंद. शाळेची शेवटची परीक्षा झालीच नाही. मग परिपत्रक आलं, त्याच्या पाठोपाठ सुधारित परिपत्रक आणि त्या सुधारणेतल्या चुकांचं शुद्धिपत्रक. सरतेशेवटी ठरलं ते असं: मागच्या तीन वर्षांच्या गुणांची सरासरी धरायची, मुलाखत नाही, दाखले नंतर दिले तरी चालतील. नियम करणाऱ्यांनी मुलांचा विचार केला नव्हता असं तिला कधीच म्हणता आलं नसतं. प्रश्नपत्रिका हातात पडली की ज्यांना घाम फुटतो, पण जी वर्षभर नेमाने अभ्यास करतात, अशी कितीतरी मुलं यंदा पहिल्यांदा यादीत वर आली होती. फक्त शेवटी एक अट होती. मुलाच्या फोनवर सहा आकडी कोड जाणार, तो मुदतीत संगणकावर भरायचा. नाही भरला, तर संगणक आपोआप पुढचं नाव वर घेणार. आणि संगणक काही उठून फाटकापर्यंत जात नव्हता.

म्हणून ती फोन करत बसली होती.

"एसएमएस गेला की आपली जबाबदारी संपली," अधीक्षकांनी सकाळीच बजावलं होतं. "नियमात तसं स्पष्ट लिहिलंय."

"फोन करू नका असं लिहिलंय का, साहेब?"

"तुमच्यापुढे हात टेकले," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

तीन वाजेपर्यंत नऊपैकी आठ जण सापडले. एकाला मेसेज जाहिरात वाटली होती, दोघांचे नंबर बदलले होते, एकीने तर बातमी ऐकून फोनच खाली टाकला. उरलं यादीतलं एकशे बारावं नाव. तीन वर्षं सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. एकाही पायरीवर पाय घसरू न देता चढत गेलेली मुलगी.

फोन एका वयस्कर बाईने उचलला.

"कोण पाहिजे?"

"कॉलेजातून बोलतेय. तुमच्या मुलीचा नंबर लागलाय."

"भाची आहे माझी. मी आत्या. ती कामाला गेलीय, मास्क शिवतात तिथे. चारला सुटते." मग जरा संशयाने, "खरंच कॉलेजातून का? की तसला फसवणुकीचा फोन?"

"खरंच कॉलेजातून, मावशी. तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा, मी इथून भरते."

"मला बाई आकडे येत नाहीत. हिरवं बटण तेवढं कळतं."

"बरं. मग ती आली की लगेच मला फोन करायला सांगा. पाचच्या आत हं. मी फोन घेऊनच बसलेय."

"घेऊनच बसा हो," आत्या म्हणाली, आणि फोन न ठेवताच कुणाला तरी ओरडून सांगू लागली, "अगं, पोरीला कॉलेज मिळालं!"

साडेतीनला शाळेचा मेसेज आला: आजचा वर्ग चार ते पावणेपाच. सगळ्यांनी चित्र तयार ठेवावे.

खारू उड्याच मारायला लागली. वर्गात चित्र दाखवायची तिची पाळी दोनदा हुकली होती. पहिल्यांदा वीज गेली होती, आणि दुसऱ्यांदा ऐन वेळी अधीक्षकांचा फोन आल्याने वर्ग बंद पडला होता. बाईंनी गैरहजेरी लावली, त्या दिवशी पोर जेवली नव्हती. तेव्हा आईनेच तिला शिकवलं होतं, वर्ग चालू असताना कुणाचाही फोन आला तरी लाल गोळा दाबायचा.

पावणेपाच म्हणजे पंधरा मिनिटं हातात राहतात, तिने हिशेब केला. मुलगी चारला सुटणार, घरी पोचणार. पावणेपाचला आपणच लावू. फोन खारूच्या हाती देऊन ती शेजारच्या खोलीत उरलेल्या नोंदी करत बसली. आज लाल गोळा दाबू नकोस, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

पावणेपाच झाले तरी वर्ग संपेना. ती दारात जाऊन उभी राहिली. पडद्यावर बाई म्हणत होत्या, "आता आपली शेवटची पाळी कुणाची?" आणि खारूने दोन्ही हातांनी कागद उंच धरला. निळ्या रंगाचं घर, घरापेक्षा मोठी आई. "आईचे हात एवढे लांब का काढलेस गं?" बाईंनी विचारलं. "कारण तिला खूप कामं असतात," खारू म्हणाली, आणि पडद्यावरची सगळी चिमुकली तोंडं हसली. आई दारातच उभी राहिली. घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी होती. आठ मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.

फोन हातात आला तेव्हा दोन मिनिटं उरली होती. पडद्यावर एकाच नंबरचे तीन फोन.

"कुणीतरी सारखं सारखं करत होतं," खारूने ऐटीत सांगितलं. "मी तिन्ही वेळा लाल गोळा दाबला."

तिने नंबर लावला. समोरचा फोन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिकडून ती मुलगीही त्याच क्षणी हाच नंबर लावत असणार. आपण थांबावं तर तीही थांबली असेल, लावावं तर तीही लावेल. तिने मनात पाच मोजले आणि लावला.

"मॅडम, कोड सांगू?" धापा टाकणारा आवाज. "चार, शून्य, नऊ..."

सहावा आकडा भरून तिने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, आणि मग अक्षरं उमटली: मुदत संपली आहे.

"मॅडम? झालं का?"

"थांब जरा. मी तुला परत फोन करते."

अधीक्षकांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई, पुढच्या मुलाला मेसेज गेलासुद्धा. कोड भरलाय त्याने, आत्ताच दिसतंय मला. त्याच्या घरी आता काय चालू असेल, तुम्हीच सांगा. त्याला खाली ओढू? आणि कारण काय देऊ, आमच्या मॅडमच्या मुलीचा वर्ग होता?"

तो मुलगाही कुणाच्या तरी घरचाच होता. नियम काही वाकडा नव्हता.

तिने मुलीला फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"नाही झालं गं," ती म्हणाली. "वेळ संपली होती."

"अजून एखादी यादी लागेल का, मॅडम?"

"ही शेवटची होती."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा ठेवणार आहेत."

"परीक्षेत मला काही म्हणजे काहीच सुचत नाही," मुलगी हळूच म्हणाली. "म्हणून तर यंदा..." आणि मग सावरून, मॅडमचीच समजूत घालावी तशी, "असू दे, मॅडम. तुम्ही स्वतः फोन केलात, आत्याने सांगितलं. एवढं कोण करतं? माझाच फोन सारखा कट होत होता. आमच्याकडे रेंजच अशी आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"हो. रेंज नसेल."

"ठेवते, मॅडम. आत्याला सांगायचंय अजून."

फोन टेबलावर ठेवून ती लॅपटॉपसमोर बसली. एकशे बाराव्या ओळीत नवीन नाव आलं होतं. जुनं कुठेच दिसत नव्हतं, काट मारलेलंसुद्धा.

खारू चित्र हातात घेऊन केव्हाची मागे येऊन उभी होती. तिने आईच्या कोपराला कागदाने हलकेच डिवचलं.

"आई, फोन तर मी कापला होता ना? मग तू त्या ताईला रेंज का म्हणालीस?"