पडद्यामागचं माहेर

शिंपीमास्तरांच्या बायकोच्या पोटरीवर पुळी आली आणि पंधरा दिवसांत तिची तळहाताएवढी जखम झाली. कडा जांभळ्या, आत पू. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "जंतू खोल गेलेत. सडलेलं कापावं लागेल." मास्तरांचा जन्म शिवणकामात गेलेला. विरलेली कड कापली की पुढचं कापड वाचतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

"कापा साहेब, कड ठेवूच नका."

दोनदा कापलं. दोन्ही वेळा जखम वाढलीच.

मास्तरांनी धसका घेतला. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना लागलं तर? काज-बटणं बायकोच करायची. ती त्यांनी स्वतःकडे घेतली आणि तिला दुकानामागच्या खोलीत बसवून पडदा ओढला. तिचं ताट वेगळं, कप वेगळा. कुणी विचारलं की "माहेरी गेलीय" म्हणायचं. ती पडद्याआडून ऐकायची. एकदाच म्हणाली, "माझं माहेर फारच जवळ आलं हो."

शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेचा तुकडा तपासला. "हे जंतूंचं नाहीच. शरीर स्वतःवरच उलटलंय. अशी जखम कापली की आणखी चिघळते. गोळ्यांनी बरी होईल."

"म्हणजे हिच्या ताटात जेवलो असतो तरी..."

"काही झालं नसतं. हे लागतच नाही कुणाला."

बायको खाली बघून पट्टी सारखी करत राहिली.

महिन्याभरात जखम भरत आली. मास्तर पडदा काढायला गेले, तर ती म्हणाली, "राहू द्या. गावाला मी माहेरी गेलीय म्हणून सांगितलंयत ना? आता मी कुठून उगवले म्हणून सांगाल?"

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई नवऱ्याचा शर्ट घेऊन आल्या. "काय हो मास्तर, ही काजं आहेत की उंदरांनी कुरतडलंय? वहिनी कधी येणार?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, परत घातली.

"ती गेलीच नव्हती, बाई. पाय चिघळला होता तिचा. मला भीती वाटली. किळससुद्धा वाटली. मीच तिला आत बसवली आणि तुमच्याशी खोटं बोललो."



पडद्याआडून आवाज आला, "अहो, तो शर्ट आणा इकडे. काजं उसवून पुन्हा करते."

मास्तर आत गेले. शर्ट तिच्या हातात देताना त्यांना वर बघवलं नाही.