डाव्या चपलेवरचे चार गोल

"सून गुणी आहे गं, पण कायम तोंडात मूग! बोललं तर दात पडतील असं वाटतं की काय तिला?" सासूबाई फोनवर लेकीला सांगत होत्या. दाराआड नव्या सुनेने ऐकलं. दारापाशी पडल्या पडल्या मीही ऐकलं.

मी शिंपीबुवांची, म्हणजे या सुनेच्या सासऱ्यांची, डावी चप्पल बोलतेय. कारखान्यात उजवीशी माझा जोडा जमला तो केवळ नंबर जुळला म्हणून. आठ नंबर. बाकी आमचं कधी एकत्र पाऊल पडलं नाही. एक पुढे, तर दुसरी मागे.

बुवांच्या टाचेखालचा काळा डाग सर्वांत आधी मला दिसला. चपलेला दुसरा देखावा असतो कुठे?

"तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी. प्रवास घडणार बघा," सासूबाई म्हणाल्या.

"तीळ येऊन सहा वर्षं झाली," बुवा म्हणाले. "अजून घर ते दुकान, दुकान ते घर. हाच का प्रवास?"

"अहो, तीळ वाढतोय ना? म्हणजे परदेश!"

डाग खरंच वाढत होता. कडा वेड्यावाकड्या, शिकाऊ हाताने कातरल्यासारख्या. पण असा शुभ तीळ डॉक्टरला कोण दाखवणार?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सासरे पालथे पडून घोरू लागले, की सून मला टाचेशी धरायची आणि डागाएवढा गोल बॉलपेनने माझ्यावर काढायची. तारखेसकट. मला गुदगुल्या व्हायच्या. ती हसायची नाही. चार गोल झाले, एकापेक्षा एक मोठे. मग मला पिशवीत घालून तिने थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"चप्पल आजारी आहे का?" बाईंनी विचारलं. मग तारखा वाचल्या आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनीच दुकानात फोन लावला. "चप्पल पोचली. आता पाय घेऊन या. आजच."

तुकडा काढून तपासला. तो तीळ नव्हताच. कॅन्सर होता, तळपायाच्या कातडीला क्वचित होणारा. नशिबाने खोल गेला नव्हता. डाग आजूबाजूच्या कातडीसकट कापून काढला आणि तिथे मांडीची कातडी लावली.

पट्टी सुटल्यावर बुवांनी आरशात टाच न्याहाळली. "ठिगळ बरं बसलंय. टाके जरा लांब लांब पडलेत."

आता त्यांना मऊ चपला आल्यात, मी कपाटाखाली असते. एक विनंती करते: आपला तळपाय अधूनमधून आपणच बघत जा. सगळं चपलेवर सोडू नका.

कारण माणसं विसरतात. काल तीन महिन्यांची तपासणी होती आणि बुवा अडून बसले. "गेलं ना ते? मग आता काय बघायचंय?"

"तेच म्हणते मी," सासूबाईंनी री ओढली. सुनेच्या नवऱ्याने पेपरात डोकं घातलं.

सून हात पुसत बाहेर आली.

"बाबा, आज आला नाहीत तर उद्यापासून दुकानात मशीनवर मी बसेन. आणि मला सरळ टीप मारता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."