चौथ्या पुलावरचा पहारेकरी

“कोन शे?” तोतारामने विचारलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

“अभिमन. जळगावना.”

“ये, बठ ना भो.” त्याने चाचपत खुर्ची पुढे ढकलली, ती माझ्या गुडघ्यावर आदळली. साखरेने त्याची दृष्टी गेली, हे मला दोंडाईचाला पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. दोन वर्षं आम्ही बोललोच नव्हतो, आणि त्याला कारण मी होतो.

आम्ही आयटीआयचे सोबती. त्याने इथे टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, मी जळगावला कारकुनी केली. निवृत्तीनंतर एका जुन्या व्हिडिओ गेमने आम्हाला पुन्हा एकत्र आणलं. साठीतली माणसं गेम उसवत बसतात म्हणून घरचे हसायचे. हसेनात का! कॅसेटच्या पोटात नुसते आकडे असतात. त्यातला कोणता आकडा म्हणजे हुकूम, कोणता म्हणजे चित्र, हे ओळखून प्रत्येकापुढे शेरा लिहायचा. जगभरातली तीसेक माणसं हे काम वाटून करत होती, आणि शेरे मारण्यात माझा हात कोण धरणार? तोतारामला आकडे कळत नसत, पण गेम तोंडपाठ होता. दुरुस्त झालेला टीव्ही तपासायला त्याच्या दुकानात वीस वर्षं हीच कॅसेट लावलेली असायची.

एकदा त्याने फोन केला. “चौथा पुलवर कोन्हतंच बटन दाबू नको. गाणं नऊ येळा फिरनं का पहारावाला खाले बठस, वाट सोडस.”

माझ्या यादीत त्या जागी निरर्थक आकडे होते. मी गेम लावला, गाणं चारदा ऐकलं आणि हसून बंद केला. सगळ्या गटासमोर शेरा मारला : ‘ऐकीव. पुरावा नाही.’ वर तो त्याला फोनवर वाचूनही दाखवला.

“बरं,” तो म्हणाला. त्यानंतर गटात त्याने एक अक्षर लिहिलं नाही.

नऊ फेऱ्यांना सव्वातीन मिनिटं लागतात. मित्राला मी तेवढीही दिली नाहीत.

काल गटातल्या ब्राझीलच्या एका बाईने माझी चूक दाखवली. मी वाचायला एक आकडा आधी सुरुवात केली होती. शर्टाचं पहिलं बटण चुकलं की पुढची सगळी चुकतात, तसं झालं होतं. एक आकडा सोडून वाचल्यावर तिथे सरळ मोजणी निघाली, नऊपर्यंतची. मी आज सकाळीच गाडी पकडली.

“मी चुकनू, तोताराम,” मी म्हणालो. “तुन्हं नाव टाकाले उनू.”

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“लाव बरं तो गेम,” तो म्हणाला.

मी लॅपटॉप खाटेवर ठेवला, चौथा पूल आणला आणि हात मांडीखाली दाबून बसलो. त्याची बायको कमलबाई चहा घेऊन आली, ती तशीच उभी राहिली. पहारेकरी भाला रोखून उभा. गाणं एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तोताराम भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि प्रत्येक फेरीला एकेक बोट मिटत होता. पहिल्या हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली. दुसऱ्याचंही चौथं बोट मिटलं.

“आते बठी,” तो म्हणाला.

पहारेकऱ्याने भाला आडवा ठेवला आणि तो खाली बसला.

“बठना का?”

“बठना.”

“खरंच बठना वं माय!” कमलबाई म्हणाली. चहावर साय धरली होती.

मी जुना शेरा खोडला. नवा लिहिला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवला : ‘शोध : तोताराम, दोंडाईचा.’ त्याने मान हलवली.

“तारीख मांगली टाक, भो. दोन वरीस पहिलेनी. तवय माले दिखे.”

“टाकसू,” मी म्हणालो.

तारीख आपल्या हातात नसते. शेरा जपून ठेवला की मशीनच त्या दिवसाची तारीख टाकतं. नोकरीत तीस वर्षं मी खोट्या तारखेला हात लावला नव्हता, आज लावला असता. मी बटण दाबलं.

“टाकी का?” त्याने विचारलं.

पडद्यावर आजची तारीख उमटली होती.

“टाकी,” मी म्हणालो.